मनसरपुढची बिनपाटीची टपरी आणि दुचाकीस्वारांचा नमस्कार

या टपरीला पाटी नाही. चार बांबू, वर पत्रे, मागे मोहाचे जुने झाड, पुढे दोन बाकडी आणि एक बाज एवढाच तिचा पसारा आहे. नागपूरहून जबलपूर मार्गाने निघावे, कामठी आणि कन्हान मागे टाकावे, मनसरला रामटेककडे जाणारा फाटा उजव्या हाताला सोडून सरळ पुढे जावे. जंगल लागल्यावर देवलापारच्या अलीकडे डाव्या अंगाला, सर्व्हिस रोडच्या कडेला, सकाळच्या वेळी मोटारसायकलींची रांग उभी दिसते, आणि तीच टपरीची खूण. नागपूरच्या झिरो माइलपासून इथवर तास-सव्वा तास लागतो. गेली चार वर्षे मी महिन्यातून किमान दोन रविवार इथे जातो, आणि ज्यांना हे सांगितले त्यांतल्या बहुतेकांनी विचारले की एवढे लांब जाऊन चहा पिण्यासारखे तिथे आहे तरी काय. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

उत्तराची सुरुवात टपरीपासून करता येत नाही, रस्त्यापासून करावी लागते. मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांमध्ये एकमेकांना नमस्कार करण्याची रीत आहे. समोरून अनोळखी दुचाकीस्वार आला की हात उंचवायचा किंवा मान हलवायची आणि आपापल्या वाटेने जायचे. थांबायचे नसते, बोलायचे नसते. दोघांचेही चेहरे हेल्मेटमध्ये झाकलेले असतात. नाव, गाव, वय, हुद्दा यांतले काहीच कळत नाही, आणि तरीही ऊन, वारा, पाऊस आणि मोठ्या गाड्यांचा झोत आपल्यासारखाच अंगावर घेत हा माणूस चालला आहे एवढे दोघांना पुरते. आपल्याकडे ही रीत परकी वाटावी असे काही नाही. एसटीचा चालक समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला हात करून मगच पुढे जातो, हे लहानपणी पुढच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. खेड्याच्या वाटेवर पायी भेटणारा अनोळखी माणूसही ‘राम राम’ घातल्याशिवाय जात नाही. मोटारसायकलवाल्यांचा नमस्कार त्याच कुळातला आहे.

हा नमस्कार करणे मात्र दिसते तेवढे सोपे नाही, आणि ते समजल्याशिवाय या टपरीचे मोल कळणार नाही. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरचा दुचाकीस्वार आपल्या उजव्या अंगाने निघून जातो. उजवा हात मात्र मोकळा नसतो. अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही त्याच हातात असतात. तो सोडला की वेग पडतो आणि गरज पडली तर ब्रेकही हाताशी राहत नाही. मोकळा होऊ शकतो तो क्लचवरचा डावा हात, आणि समोरच्याच्या दृष्टीने तो आपल्या शरीराच्या पलीकडे असतो. म्हणून तो खांद्याच्या वर, जवळजवळ हेल्मेटच्या उंचीपर्यंत न्यावा लागतो, तेव्हा कुठे दिसतो. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात. तिथे डावा हात आपोआप समोरच्याच्या बाजूला येतो, त्यामुळे तो कमरेखाली बाजूला सोडून दोन बोटे जमिनीकडे दाखवली तरी भागते. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू असल्यामुळे हाताऐवजी मान हलवण्याची पद्धत अधिक रुळली आहे. फ्रान्समध्ये मोटारचालकाने वाट दिली तर त्याचे आभार मानताना दुचाकीस्वार उजवा पाय बाजूला काढतात, कारण त्या वेळी हात गाडीवर हवे असतात. देशोदेशीच्या या खुणा हौसेने ठरलेल्या नाहीत. गाडी सांभाळून शरीराचे कोणते अंग मोकळे राहते, यावरून त्या ठरत गेल्या आहेत.

दिव्याने नमस्कार करण्याची सोय पूर्वी होती. दिवसा सगळ्यांचे दिवे बंद असत, त्यामुळे क्षणभर लावलेला दिवा ओळख देऊन जाई. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच राहावा असा नियम आला. सुरक्षिततेसाठी तो योग्यच आहे, कारण लागलेल्या दिव्यामुळे मोटारसायकल लांबून दिसते. पण त्यानंतर हातात उरला तो फक्त डिपर, म्हणजे दिव्याचा झोत क्षणभर वर करणे, आणि डिपरचा आपल्या रस्त्यांवरचा अर्थ ‘मी येतो आहे, तू थांब’ असा असतो. कधी पुढे पोलीस आहेत, कधी पुढे गाय बसली आहे, असाही असतो. नमस्कारासाठी मी तो वापरत नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यांनीही वापरू नये असे मला मनापासून वाटते.

आता या विशिष्ट रस्त्याकडे येतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ हा श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. देशातला सर्वांत लांब महामार्ग तो हाच. नागपूरकर जुनी माणसे त्याला अजून सात नंबर म्हणतात, कारण नवी क्रमांकपद्धती येण्यापूर्वी नागपुरातून जाणारा त्याचा भाग राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणून ओळखला जात असे. काश्मीर ते कन्याकुमारी मोटारसायकलने जायचे मनात असलेला माणूस ही वाट धरून निघाला, तर नागपुरातून जाणारच. हिवाळ्यात या रस्त्यावर जम्मूच्या, पंजाबच्या, कर्नाटकच्या, तमिळनाडूच्या क्रमांकाच्या गाड्या, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या बांधलेल्या, एकामागून एक दिसतात. नमस्कार करायला याहून चांगला रस्ता कोणता असणार, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात उलटे झाले आहे. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावली गेली, आणि समोरून येणारा दुचाकीस्वार त्या झाडीच्या पलीकडे गेला. जुन्या दुपदरी रस्त्यावर समोरच्याला हात करावा लागे तेव्हा तो चार-पाच हातांवरून जात असे. आता तो वीस-पंचवीस हात लांब, झुडपांच्या फटीतून, निमिषभर दिसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते, आणि दोन्ही बाजू याच वेगाने येत असतील तर एकमेकांजवळ येण्याचा वेग दुप्पट होतो. तेवढ्यात पाहायचे, ओळखायचे, हात सोडायचा आणि पुन्हा धरायचा हे शक्य नाही, आणि शक्य असले तरी शहाणपणाचे नाही. दुभाजकाने समोरासमोरच्या धडका कमी होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या रीतीची मोठी जागा त्याने नाहीशी केली, हेही खरे आहे. उरला तो एकाच दिशेने जाणाऱ्यांचा नमस्कार. पुढे काढणाऱ्याच्या डाव्या बाजूला मागे पडणारा असतो, त्यामुळे पुढे काढून झाल्यावर डावा हात बाजूला केला की त्याला तो स्वच्छ दिसतो. मागे पडलेल्याने मान हलवली की झाले. हा नमस्कार सुरेख आहे, पण त्यात उत्तर भारताकडे निघालेला आणि तिकडून परतणारा यांची गाठ पडत नाही.

ती गाठ या टपरीवर पडते. म्हणूनच मी पाटी नसलेल्या या जागेबद्दल इतके लिहितो आहे.

टपरी काका आणि काकू मिळून चालवतात. काका तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. चुलीची जागा त्यांनी अशी निवडली आहे की चहा उकळताना तोंड रस्त्याकडे राहावे. मोटारसायकल जाताना दिसली की हातात गाळणी असो की पळी, ते दुसरा हात वर करतात. सुरुवातीला मला वाटले की गिऱ्हाईक बोलावण्याची ही त्यांची पद्धत असावी. आपल्याकडे हात दाखवणे म्हणजे थांबवणे असाच अर्थ घेतला जातो. एसटीच्या ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ या योजनेने तो अर्थ खेडोपाडी पक्का केला. त्यामुळे काही जण खरोखर थांबतात आणि विचारतात, “काका, बोलावलं का?” काकांचे उत्तर ठरलेले असते, “नाही जी, राम राम केला. जा तुम्ही निवांत. बसायचं असन तर बसा.” आणि बसलेल्या माणसाला ते काय घेणार हे लगेच विचारत नाहीत. आधी माठातल्या पाण्याचा तांब्या पुढे करतात. चार वर्षांत या क्रमात बदल झालेला मी पाहिलेला नाही.

चहाबद्दल. दूध जवळच्या गावातून पहाटे येते, अद्रक काकू समोर ठेचतात, आणि चहा काचेच्या छोट्या ग्लासात मिळतो. तो गोड असतो, आणि साखर पातेल्यातच पडत असल्याने कमी साखरेचा हवा असेल तर वेगळा उकळून घ्यावा लागतो. गर्दी नसेल तर काकू आनंदाने करून देतात, गर्दी असेल तर विचारू नये. ग्लासाला १० रुपये. थंडीच्या दिवसांत, पहाटे निघून तासभर वारा झेलल्यावर, हातमोजे काढून तो ग्लास दोन्ही तळहातांत धरला की बोटांत जीव परत येतो. ज्याने डिसेंबरात कन्हान नदीवरच्या पुलाचे धुके मोटारसायकलवरून ओलांडले आहे, त्याला हे अधिक सांगायला नको.

तर्री-पोहे ही मात्र सविस्तर सांगण्याची गोष्ट आहे. नागपूर शहरात सकाळी कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री-पोह्यांसाठी जी गर्दी होते ती सर्वांना ठाऊक आहे, आणि शहरातली तर्री चवीला अधिक ठसकेबाज आहे यात वाद नाही. इथल्या तर्रीत लहान काळा हरभरा असतो, रात्री भिजवलेला आणि सकाळी मऊ होईपर्यंत शिजवलेला; रस्सा पातळ, वर तेलाचा लाल तवंग, पण जिभेला पोळणारा नाही. पोहे कोरडे वाटत नाहीत, कारण काकू ते थोडे थोडे, तीन-चार ताटल्यांपुरतेच परततात. वरून कच्चा कांदा, सांबार आणि लिंबाची फोड येते. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे. ताटलीला ३० रुपये. एक सूचना मी अनुभवाने करतो. पुढे शिवनी-जबलपूरपर्यंत जायचे असेल तर तर्री निम्मी घ्यावी. पोट जड झाले, ऊन चढले आणि सरळ रस्ता लागला की डोळे मिटू लागतात, आणि मोटारसायकलवर डुलकीला जागा नाही. काकांना हे पक्के माहीत आहे, पाठीवर मोठी पिशवी असलेल्या माणसाला ते विचारतात, “भाऊ, लांब जायचं हाय का?” आणि उत्तर ‘हो’ असेल तर पळी अर्धीच भरतात. नऊनंतर आलूबोंडा मिळतो. तो बरा असतो, पण त्यासाठी मुद्दाम थांबावे असा नाही.

गाडी उभी करण्याची जागा मुरमाची आहे आणि किंचित उताराची. पावसाळ्यात साइड स्टँड मुरमात रुततो आणि जड मोटारसायकल हळूहळू कलू लागते. यावर काकांनी काढलेला उपाय मला कोणत्याही मोठ्या उपाहारगृहाच्या सोयीपेक्षा मोलाचा वाटतो. त्यांनी फरशीचे तळहाताएवढे पंधरा-वीस तुकडे खांबाशी रचून ठेवले आहेत. गाडी आली की ते किंवा त्यांचा नातू एक तुकडा घेऊन येतो आणि चालक उतरण्यापूर्वी स्टँडखाली सरकवतो. हवा भरण्याचा पायपंप आहे, ट्यूबलेस चाकात घालायच्या पट्ट्या आहेत, साखळीला द्यायचे तेल आहे, आणि यांतल्या कशाचेही ते पैसे सांगत नाहीत. वापरणारे पत्र्याच्या डब्यात जे योग्य वाटेल ते टाकतात.

दोन पावसाळ्यांपूर्वी याच रस्त्यावर, देवलापारच्या थोडे अलीकडे, माझ्या गाडीची क्लचची वायर तुटली. मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढले आणि येणाऱ्या मोटारसायकलींना हात केला. पहिल्या दोघांनी प्रसन्नपणे हात उंचावून उत्तर दिले आणि ते निघून गेले. तिसऱ्याने मान हलवली. चौथ्याने डिपर दिला. माझा हात त्यांना नमस्कार वाटला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, आणि मीही त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेच केले असते. पाचवा थांबला तो दुधाचे कॅन बांधलेल्या शंभर सीसीच्या गाडीवरचा एक दूधवाला. त्याला रायडर लोकांची ही रीत माहीत नव्हती. हात दाखवला म्हणजे थांबायचे, एवढेच त्याला माहीत होते. त्याने मला मागे बसवून टपरीवर आणले, काकांनी मनसरच्या मेकॅनिकला फोन लावला, आणि तासाभरात नवी वायर बसली. दूधवाल्याने पैसे घेतले नाहीत. काकांनी देऊ केलेला चहाही त्याने घेतला नाही. तो म्हणाला, “काका, मी आधीच उशिरा हाव,” आणि गेला.

त्या दिवसापासून टपरीवर नेहमी येणाऱ्यांनी एक खूण ठरवली, आणि बाजेवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती सांगितली जाते. स्थिर उंचावलेला हात म्हणजे नमस्कार. तळवा जमिनीकडे करून वरखाली हलणारा हात म्हणजे थांबा, मदत हवी आहे. ही खूण आम्ही नव्याने शोधलेली नाही. वेग कमी करताना चालकाने उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवत वरखाली हलवावा, हे वाहन चालवण्याच्या हस्तसंकेतांमध्ये पूर्वीपासूनच आहे. आणि कडेला उभ्या असलेल्या मोटारसायकलीजवळून जाताना वेग कमी करायचा, चालकाकडे पाहायचे आणि अंगठा वर करून ‘ठीक आहे ना?’ असे विचारायचे, हेही त्यासोबत ठरले. त्याने अंगठा वर करून उत्तर दिले तरच पुढे जायचे. माझ्या मते उंचावलेल्या हाताला खरा अर्थ येतो तो इथे. ज्याला आपण नमस्कार करतो त्याच्यासाठी थांबण्याची तयारी नसेल, तर तो नमस्कार मला अपुरा वाटतो.

दूधवाल्याच्या त्या प्रसंगाने मला आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही. आमच्यातले पुष्कळ जण महागडे जॅकेट, मोठी गाडी आणि कॅमेरा लावलेले हेल्मेट पाहूनच हात करतात. शेतातून परतणारा, दूध पोहोचवणारा, मागे पत्नी आणि पुढे टाकीवर लहान मूल घेऊन बाजाराला निघालेला, पाठीवर जेवणाचा डबा पोहोचवण्याची चौकोनी पिशवी लावलेला, असे दुचाकीस्वार त्यांच्या नजरेत येत नाहीत. वास्तविक रस्त्याचा धोका या लोकांना अधिक आहे, कारण ते रोज आणि गरजेपोटी गाडी चालवतात. काका यात फरक करत नाहीत. मोपेडवरून जाणाऱ्या आजोबांनाही ते तसाच हात करतात. या टपरीच्या एकाच बाकड्यावर मी लेह-लडाख करून आलेला माणूस आणि पवनीच्या बाजूचा दूधवाला यांना टायरमध्ये हवा किती ठेवावी यावर अर्धा तास बोलताना ऐकले आहे, आणि त्यात दूधवाल्याचे म्हणणे अधिक पटणारे होते. त्यानंतर मी रस्त्यात दुधाच्या कॅनवाल्यांना हात करू लागलो. पहिले काही दिवस ते गोंधळून मागे वळून पाहत. आता या पट्ट्यातले तीन-चार जण आपण होऊन मान हलवतात.

एका तरुण मुलीने याच बाजेवर बसून जे सांगितले, तेही इथे नोंदवले पाहिजे. ती एकटी मोटारसायकलने फिरते. हात करणाऱ्याला ती अनेकदा उत्तर देत नाही, कारण उत्तर दिल्यावर काही जण वेग कमी करून बरोबरीने चालू लागतात, काही जण मागे येतात. तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते ऐकून वाईट वाटले, आणि त्या दिवशीच्या बोलण्यातून निघालेला नियम मी आता सर्वांना सांगतो. नमस्कार करून झाल्यावर आपला वेग बदलू नये. मागे वळून पाहू नये. समोरच्याने उत्तर दिले नाही तर त्याचा राग मानू नये. त्याचे हात कदाचित खड्डा चुकवण्यात गुंतले असतील, किंवा उत्तर न देण्याचे त्याच्याकडे योग्य कारण असेल. आणि वळणावर, घाटात, गर्दीत, पावसात, वाळू सांडलेल्या रस्त्यावर हात सोडूच नये. तिथे मान पुरते, आणि मानही नाही हलवली तरी चालते.

उणिवाही आहेत, आणि परीक्षणात त्या यायलाच हव्यात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे स्वच्छतागृह नाही. पुरुष वेळ मारून नेतात, स्त्रियांनी मात्र मनसरच्या आधीच पेट्रोल पंपावर सोय पाहून यावे लागते. काकूंनाही याची खंत आहे, पण टपरीच्या मिळकतीत ते बांधणे त्यांना झेपणारे नाही. जंगलाचा भाग असल्याने मोबाइलला रेंज अधूनमधून जाते आणि पैसे फोनवरून पाठवता येत नाहीत, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. पोळ्याच्या दिवशी आणि गावातल्या लग्नाकार्याला टपरी न सांगता बंद असते. उन्हाळ्यात सावली अपुरी पडते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचला निघून साडेआठच्या आत परतीला लागावे, आणि हेल्मेटखाली दुपट्टा ओला करून बांधावा.

पत्र्यावर मोटारसायकल गटांचे रंगीत स्टिकर चिकटवण्याची चढाओढ लागली आहे, त्याबद्दलही मला काही वाटते. काका कोणाला नाही म्हणत नाहीत, पण भाव लिहिलेला फळा आता त्या स्टिकरांखाली जवळजवळ झाकला गेला आहे. याहून गंभीर म्हणजे सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणारा आवाज काढत येणारे काही गट. ही पेंच व्याघ्र प्रकल्पाची सीमा आहे. मनसर ते खवासा या पट्ट्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. ज्या रस्त्याने जनावरांसाठी एवढी वाट करून दिली, त्यावर आपण आवाज करत जाऊ नये आणि त्या पुलांवर छायाचित्रांसाठी थांबूही नये. काका अशा गटांनाही पाण्याचा तांब्या देतात. मी मात्र त्यांना हात करत नाही.

शेवटची उणीव जागेची आहे, आणि तिला काकांचा इलाज नाही. टपरी नागपूरहून जाणाऱ्यांच्या बाजूला आहे. शिवनीकडून येणाऱ्याला दुभाजक आडवा येतो, आणि चहाच्या ओढीने काही जण टपरीच्या आधीच्याच फटीतून वळून सर्व्हिस रोडवरून उलट दिशेने टपरी गाठतात. हे अतिशय धोक्याचे आहे. समोरून ट्रक आला तर चुकवायला जागा राहत नाही. तिकडून येणाऱ्यांनी मनसरपर्यंत जाऊन रीतसर वळून परत यावे. वेळ जास्त लागेल, पण तेच बरे. असे वळून आलेल्या माणसाला काका पोह्यांचे पैसे मागत नाहीत, हे मी पाहिलेले आहे. गेल्या जानेवारीत तमिळनाडूचा क्रमांक असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ काश्मीरहून परतताना असाच वळून आला होता. त्याला ना मराठी येत होते ना हिंदी. समोरच्या बाजूने जाताना झाडीच्या फटीतून काकांचा वर केलेला हात दिसला आणि तो कोणाला केला हे विचारायला आपण परत आलो, असे त्याने खुणांनी आणि तुटक इंग्रजीत समजावले. जम्मूकडे निघालेले दोघे त्याच वेळी बाकड्यावर होते. पुढे पठाणकोटच्या अलीकडे धुके किती आहे, पेट्रोल कुठे भरावे, कोणत्या टप्प्यावर रात्री चालवू नये, हे त्याने नकाशावर बोट ठेवून त्यांना दाखवले. जुन्या दुपदरी रस्त्यावर हे तिघे एकमेकांना हात करून निघून गेले असते.

परतताना टपरी दिसत नाही. कण्हेर आता पुरुषभर उंच झाली आहे. मागच्या महिन्यात मात्र दुभाजकावरची झाडे छाटलेली होती. मी देवलापारहून नागपूरकडे येत होतो, रस्ता मोकळा होता, आणि पलीकडे काकू ग्लास पुसत उभ्या दिसल्या. मी वेग कमी करून डावा हात हेल्मेटपर्यंत नेला. त्यांनी हातातला फडका वर केला.